अशिलाची ठेव

आमच्या घरच्या जुन्या लोखंडी पेटींत एक बिल आहे. इ. स. १९३८ सालीं गिरगांवांतील एका चाळीच्या हिश्शाबद्दल आमच्या आजोबांनीं हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर दावा लावला होता; तो शेवटीं तडजोडीनें मिटला, आणि त्यानंतर त्यांच्या सॉलिसिटरांनीं पाठविलेलें हें बिल. फुलस्केप कागदाचीं चौदा पानें, डाव्या बाजूस तारीख, मध्यें कामाचा तपशील आणि उजवीकडे रुपये, आणे, पै. अशिलाचें पत्र आलें, तें वाचलें. उत्तराचा मसुदा केला. मसुद्याची स्वच्छ नक्कल केली. अशील भेटीस आले, त्यांच्याशीं बोलणें झालें. बॅरिस्टरांकडे कागद पाठविले. उत्तर न आल्यानें स्मरणपत्र धाडलें. अशा प्रत्येक हालचालीपुढें तिची किंमत मांडलेली आहे. आमच्या लहानपणीं हें बिल म्हणजे घरांतील विनोदाचा अक्षय सांठा होता. आजोबांनीं वाटेंत सॉलिसिटरांस नमस्कार केला तर त्या नमस्काराचेहि पैसे पडत, असें आमचे काका सांगत, आणि आम्हां मुलांना तें खरें वाटे.

पुढें इतिहास शिकविण्याचा धंदा पत्करल्यावर या बिलाकडे पाहण्याची दृष्टि बदलली. ज्या तपशिलाला आम्ही हांवरेपणा समजून हसत होतों, तो तपशील मुळांत हांवरेपणाला घातलेला लगाम होता. इ. स. १६०५ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडची जी पार्लमेंट सुरुंगानें उडवून देण्याचा कट फसला, तिच्याच त्या अधिवेशनांत एक लहानसा कायदा झाला. बॅरिस्टरास दिलेली फी अशिलाकडून मागावयाची तर ती घेणाराच्या सहीची चिठ्ठी दाखविली पाहिजे. इतर खर्चाचेंहि खरें बिल सहीनिशीं आधीं दिलें पाहिजे. मुद्दाम दावा लांबविला किंवा वाजवीहून अधिक मागितलें तर अशिलास तिप्पट भरपाई मिळावी, असा त्याचा आशय. १७२९ च्या कायद्यानें आणखी एक पाऊल टाकलें. बिल न्यायालयाच्या अधिकाऱ्याकडून तपासून घेण्याचा हक्क अशिलास मिळाला, आणि त्या तपासणींत सहावा हिस्सा कापला गेला तर तपासणीचा खर्चहि बिल करणारानेंच सोसावा असें ठरलें. मुंबई हायकोर्टांतील टॅक्सिंग मास्तर हा त्या अधिकाऱ्याचाच वंशज. तेव्हां ‘अशील आले, बोलणें झालें’ ही ओळ लिहिणारा कारकून तीनशें वर्षांमागच्या एका अविश्वासाला उत्तर देत होता, हें आमच्या काकांस ठाऊक नव्हतें.

सॉलिसिटर आणि ॲटर्नी हे आज समानार्थी वाटणारे शब्द मुळांत दोन निराळ्या माणसांचे. ॲटर्नी म्हणजे दुसऱ्याच्या जागीं उभा राहणारा, आपल्याकडील मुखत्यार. त्याचें क्षेत्र कॉमन लॉचीं न्यायालयें. सॉलिसिटर म्हणजे शब्दशः लकडा लावणारा. चॅन्सरी न्यायालयांत रेंगाळलेल्या दाव्यांचा पिच्छा पुरविणें हें त्याचें काम. न्यायाधीशापुढें उभें राहून वाद करण्याचा मान बॅरिस्टराचा; परंतु अशिलाचें घर, त्याची तिजोरी, त्याचें मृत्युपत्र आणि त्याच्या कुटुंबांतील भांडणें यांच्याशीं संबंध या दुसऱ्या वर्गाचा. बॅरिस्टराच्या हातीं मनुष्य आपला दावा देतो. सॉलिसिटराच्या हातीं तो पैसा, कागद आणि गुपित देतो, आणि देतांना बहुधा पावती मागण्याचा धीर त्यास होत नाहीं. ही ठेव सुखरूप राहील याची हमी काय, या एका प्रश्नाभोंवतीं या व्यवसायाच्या नीतीचा सारा इतिहास फिरत आला आहे.

पहिली हमी शपथेची. चौथ्या हेन्री राजाच्या अमदानींत, १४०२ सालीं, असा कायदा झाला कीं न्यायाधीशांनीं ॲटर्नींची परीक्षा घ्यावी, जे सद्गुणी नि नांवलौकिकाचे ठरतील त्यांचींच नांवें पटावर चढवावीं, आणि त्यांजकडून प्रामाणिकपणें वागण्याची शपथ घ्यावी. शपथेनें फारसें भागलें नसावें. कारण अर्धशतकानंतर, १४५५ सालीं, पार्लमेंटपुढें नॉरफोक नि सफोक या परगण्यांचें गाऱ्हाणें आलें. पूर्वीं तेथें सहा-आठ ॲटर्नी पुरत, आतां ते ऐशींच्या वर झाले. जत्रांतून नि बाजारांतून हिंडून ते लोकांच्या क्षुल्लक कुरबुरी उकरून काढतात आणि दावे लावण्यास चिथावतात! उपाय काय योजावा? नॉरफोकमध्यें सहा, सफोकमध्यें सहा आणि नॉरिच शहरांत दोन, याहून अधिक ॲटर्नी असूं नयेत. रोगाचें निदान बिनचूक, आणि औषध मात्र शिरगणतीचें. सहांपैकीं सहाहि लबाड निघाले तर काय करावयाचें याचा विचार कायदा करणारांनीं केलेला दिसत नाहीं. आमच्याकडील तालुक्याच्या कचेरीबाहेरचें झाड आणि त्याच्या सावलींतील गर्दी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस पंधराव्या शतकांतील नॉरफोक फारसें परकें वाटूं नये.

गुपिताच्या बाबतींत मात्र या वर्गाचा इतिहास आरंभापासूनच बराच उजळ आहे. १५७७ सालीं टॉमस हॉट्री नांवाच्या एका गृहस्थास साक्षीचें समन्स लागलें. या दाव्यांत आपण प्रतिवादीचे सॉलिसिटर आहों नि त्याची फी घेतली आहे, असें त्यानें शपथेवर सांगितलें, आणि चॅन्सरी न्यायालयानें त्यास साक्षींतून मोकळें केलें. मौज अशी कीं त्या काळीं हा मान वकिलाच्या अब्रूचा समजला जाई: सद्गृहस्थानें विश्वासानें ऐकलेलें त्याच्याकडून वदवूं नये, एवढाच त्याचा अर्थ. पुढें न्यायालयांच्या ध्यानांत आलें कीं गुपित वकिलाचें नसून अशिलाचें आहे. तें राखणें हा वकिलाचा मान नसून अशिलाचा हक्क आहे, आणि अशिलानें मोकळीक दिली तर वकिलास गप्प बसतां येत नाहीं. अब्रूचा प्रश्न असा हक्काचा प्रश्न होऊन बसला. पैशाच्या बाबतींत हीच पालट व्हावयास आणखी कित्येक पिढ्या जाव्या लागल्या.

१७२९ च्या ज्या कायद्याचा वर उल्लेख केला, त्यानेंच पांच वर्षांची उमेदवारी, न्यायाधीशाकडून परीक्षा आणि पटावर नांव या गोष्टी पक्क्या केल्या. दहा वर्षांनीं, १७३९ मध्यें, लंडनांतील निवडक ॲटर्नी-सॉलिसिटरांनीं एक मंडळ काढलें, आणि त्याच्या नांवांत आवर्जून ‘जंटलमन’ हा शब्द घातला. त्या शब्दाची त्यांना किती गरज होती हें त्या शतकाचें वाङ्मय चाळणारास कळतें. कोणाची पाठीमागें निंदा करूं नये असें म्हणत म्हणत, अमुक गृहस्थ ॲटर्नी असावा एवढेंच सुचवून थांबण्याची डॉ. जॉन्सनची थट्टा प्रसिद्धच आहे. १८२५ सालीं स्थापन झालेल्या नि १८३१ मध्यें राजाची सनद मिळालेल्या लॉ सोसायटीनेंहि हाच ध्यास घेतला. १८३६ पासून लेखी परीक्षा सुरू झाल्या. १८७३ च्या न्यायव्यवस्थेच्या कायद्यानें ॲटर्नी, सॉलिसिटर नि प्रॉक्टर हे तिन्ही वर्ग एकत्र करून त्या सर्वांस सॉलिसिटर हें एकच नांव दिलें, आणि बदनाम झालेला जुना शब्द इंग्लंडांत मागें पडला. १८८८ च्या कायद्यानें सोसायटीच्याच सभासदांची एक समिति नेमून, सॉलिसिटरांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करून न्यायालयास अहवाल देण्याचें काम तिजकडे सोंपविलें. व्यवसायानें आपल्या माणसांचा न्याय आपणच करावा, इतका विश्वास त्यानें संपादन केला होता.

या विश्वासाच्या आड काय चाललें होतें हें समजण्यासाठीं सॉलिसिटराच्या कचेरींतील जमाखर्चाची रीत पाहिली पाहिजे. व्हिक्टोरिया राणीच्या काळीं सॉलिसिटर हा मध्यम वर्गाचा सावकारहि होता आणि पेढीहि होता. विधवा आपलें स्त्रीधन, पाद्री आपली शिल्लक, पोरक्या मुलांचे विश्वस्त आपली जबाबदारी त्याच्याकडे आणून टाकीत. तो तो पैसा गहाणावर लावी, व्याज वसूल करी, तिमाहीस पोंचवी. हा सर्व पैसा बहुधा बॅंकेंत त्याच्या स्वतःच्याच खात्यावर जमा होई. त्यांतूनच तो घरभाडें देई, कारकुनांचे पगार देई, मुलीच्या लग्नाचा खर्च करी. समजा, एका विधवेचे पांचशें पौंड सोमवारीं जमा झाले आणि मंगळवारीं त्याला स्वतःचें दोनशेंचें देणें आलें. खात्यावर पैसे आहेत, चेक वटतो, कोणाचें कांहीं चोरलें असें त्याच्या मनांतहि येत नाहीं. पुढच्या महिन्यांत दुसऱ्या अशिलाच्या घरविक्रीचे हजार आले कीं विधवेची खांच भरून निघते. फक्त आतां खांच दुसऱ्याच्या नांवावर सरकलेली असते. विधवेस व्याज वेळेवर पोंचतें. ती आशीर्वाद देते. अशीं दहा-वीस वर्षें सहज जातात. आमच्याकडील जुन्या पेढ्यांवरचा मुनीमदेखील धन्याचा पैसा आणि देवस्थानाचा पैसा वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून ठेवी. लंडनच्या या सद्गृहस्थांस एकच पिशवी पुरत होती.

कायद्याचाहि त्यास आडून आधार होता. १८६१ च्या चोरीविषयक कायद्याप्रमाणें, विश्वासानें दिलेल्या पैशाचें अमुकच करावें अशी लेखी सूचना असेल तरच तो खाणाऱ्या सॉलिसिटरास पकडतां येई. आतां आपल्या कुळाच्या जुन्या सल्लागारास लेखी सूचना कोणती विधवा देणार? ‘तुम्हांस योग्य वाटेल तसें करा’ हेंच विश्वासाचें वाक्य, आणि हेंच गुन्हेगाराच्या बचावाचें वाक्य.

१९०१ च्या जानेवारींत बेंजामिन ग्रीन लेक या सॉलिसिटरास अशिलांच्या पैशाच्या अफरातफरीबद्दल बारा वर्षांची सक्तमजुरी झाली. हे गृहस्थ कोणी आडवळणाचे कज्जेदलाल नव्हते. लॉ सोसायटीचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें होतें, आणि इतर सॉलिसिटरांच्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या त्याच समितीचे ते प्रमुख होते! आपल्या व्यवसायबंधूंचे हिशेब ज्या टेबलाशीं बसून ते तपासीत, तेथून उठून ते कोणत्या खात्यावर चेक लिहीत असतील, याची कल्पना करतांना अंगावर कांटा येतो. मला स्वतःस ते जातीचे लुच्चे होते असें वाटत नाहीं. उद्यां भरून टाकूं, या एका शब्दावर आयुष्य काढलेल्या माणसांपैकीं ते एक असावेत. पण त्यांच्या अशिलांना या भेदाचा उपयोग काय?

त्याच वर्षीं पार्लमेंटनें लेखी सूचनेची पळवाट बंद केली. १९०६ च्या कायद्यानें दिवाळखोर सॉलिसिटरास परवाना नाकारण्याची सोय झाली. १९१९ मध्यें चौकशी समितीस स्वतः पटावरून नांव खोडण्याचा अधिकार मिळाला. परंतु खऱ्या दुखण्यावरचा इलाज, म्हणजे अशिलाचा पैसा बॅंकेंत निराळ्या खात्यावर ठेवण्याची सक्ति, ती व्हावयास १९३५ सालच्या पहिल्या तारखेची वाट पाहावी लागली. इतका साधा नियम करण्यास चौतीस वर्षें कां लागावीं? याचें उत्तर १७३९ च्या त्या ‘जंटलमन’ शब्दांत आहे असें मला वाटतें. हिशेब दाखीव असें सद्गृहस्थास म्हणणें म्हणजे तूं चोर आहेस असें म्हणणें, ही भावना व्यवसायांत खोल रुजली होती, आणि ती सर्वस्वीं ढोंगाची नव्हती. हजारों प्रामाणिक माणसें आयुष्यभर एकाच पिशवींतून पैन् पै चुकती करीत आलीं होतीं. चार नादारांच्या पापासाठीं आपल्या वह्या परक्यानें कां चाळाव्या, हा त्यांचा प्रश्न होता. मात्र त्यांच्या अशिलास प्रामाणिक पिशवी कोणती नि फाटकी कोणती हें बाहेरून ओळखूं येत नव्हतें, ही गोष्ट त्या प्रश्नांत बसत नव्हती.

१९४१ च्या कायद्यानें उरलेली कसर भरून काढली. दरवर्षीं हिशेब-तपासनिसाचें प्रमाणपत्र दाखल करणें प्रत्येक सॉलिसिटरास भाग पडलें; शिवाय सर्वांच्या वर्गणीचा एक निधि उभारून, एखाद्या सॉलिसिटरानें बुडविलेल्या अशिलास त्यांतून भरपाई देण्याची व्यवस्था झाली. महायुद्ध चालूं असतां, लंडनवर बॉंब पडत असतां, हा कायदा व्हावा हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. या निधीचा अर्थ असा कीं डोर्सेटमधील एखाद्या निर्मळ सॉलिसिटरानें मॅंचेस्टरमधल्या चोराचें देणें आपल्या खिशांतून फेडावयाचें. चोराशीं त्याचें नातें एकच, दोघांची नांवें एका पटावर. सद्गृहस्थपणाचा अभिमान सांगणाऱ्या वर्गानें ही अपमानास्पद वर्गणी पत्करली, त्या वर्षीं त्याची खरी परीक्षा उतरली असें मी समजतों.

याच सुमारास न्यायालयेंहि आपली फूटपट्टी अधिक कडक करीत होतीं. १९३९ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें मायर्स विरुद्ध एल्मन या दाव्यांत ठरविलें कीं प्रतिज्ञापत्रांत खोटेपणा कारकुनानें केला असला तरी न्यायालयाशीं असलेल्या कर्तव्याची जबाबदारी सॉलिसिटराचीच. १९६४ सालीं ब्राउन नांवाच्या एका स्कॉटिश सॉलिसिटराच्या प्रकरणांत प्रश्न आला तो व्याजाचा. अनेक अशिलांच्या एकत्र पडलेल्या रकमेवर बॅंक जें व्याज देते, तें वर्षानुवर्षें सॉलिसिटर आपलेंच समजत आले होते. सर्वांची तशी चाल होती. ठेव ज्याची त्याचेंच व्याज, चाल कांहींहि असो, असा निकाल झाला, आणि पुढच्याच वर्षीं त्यावर नियम करावे लागले.

परंतु सर्वांत मनाला चटका लावणारा निकाल १९६६ चा, बोर्डमन विरुद्ध फिप्स. एका विश्वस्तनिधीपाशीं एका कापड कंपनीचे तीस हजारांपैकीं आठ हजार भाग होते, आणि कंपनीचा कारभार ढिला होता. निधीचे सॉलिसिटर बोर्डमन आणि निधीच्या लाभधारकांपैकीं एक यांनीं स्वतःच्या पैशानें, स्वतःच्या जोखमीवर, उरलेले भाग विकत घेतले, कंपनी सुधारली, आणि त्यांना तसाच निधीलाहि मोठा फायदा झाला. अफरातफर नाहीं, नुकसान नाहीं. बोर्डमन प्रामाणिक होते हें न्यायाधीशांनींच सांगितलें. तरीहि तीन विरुद्ध दोन मतांनीं निर्णय लागला कीं हा नफा त्यांचा नव्हे. कारण ती माहिती नि ती संधि त्यांना निधीचे सॉलिसिटर म्हणून मिळाली होती. श्रमाचा भरघोस मोबदला तेवढा त्यांस मिळाला. वर्गांत हा निकाल सांगितला कीं हुशार विद्यार्थी हटकून बोर्डमनची बाजू घेतात, आणि मीहि तरुणपणीं घेत असें. वय वाढल्यावर, आणि मित्रांच्या मुलांच्या मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा प्रसंग एकदोनदां आल्यावर, त्या तीन न्यायाधीशांविषयींचा माझा राग ओसरला आहे.

मुंबईंत ही संस्था कंपनी सरकारच्या न्यायालयांबरोबर आली. १७२६ च्या सनदेनें मेयरचें न्यायालय, पुढें रेकॉर्डरचें, मग सुप्रीम कोर्ट, आणि १८६२ पासून हायकोर्ट, असा तिचा प्रवास. ॲटर्नी हा शब्द इंग्लंडांत टाकून दिला गेल्यावरहि येथें तो शंभर वर्षें नांदला. १८९४ सालीं येथील सॉलिसिटरांनीं बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी स्थापन केली, आणि तिची परीक्षा आजहि कठीण म्हणून गाजते. ओरिजिनल साइडवर अशिलानें सॉलिसिटराकडे जावयाचें नि सॉलिसिटरानें बॅरिस्टराकडे, ही दुहेरी पद्धति फार खर्चाची होती. तिच्यावर झालेली टीका बहुतांशीं खरी होती. १ जानेवारी १९७७ पासून ॲडव्होकेट्स कायद्यांतील दुरुस्तीनें ॲटर्नींचा स्वतंत्र वर्ग संपला, आणि सारे ॲडव्होकेट झाले. त्याबद्दल अश्रु ढाळणाऱ्यांतला मी नव्हे. फक्त एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. त्या जुन्या व्यवस्थेंत न्यायाधीशापुढें बोलणाराच्या हातीं अशिलाचा पैसा येत नसे, आणि पैसा ज्याच्या हातीं असे त्याचें बिल टॅक्सिंग मास्तरापुढें जाऊं शके. आज बार कौन्सिलचे नियम सांगतात कीं अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवावा, तो मागतांच द्यावा, हातांतील रकमेचें कर्जांत रूपांतर करूं नये. नियम उत्तम आहेत. इंग्लंडांतल्याप्रमाणें दरवर्षीं तपासनिसाचें प्रमाणपत्र घेण्याची अट मात्र त्यांत नाहीं. म्हणजे या बाबतींत आपण अजून सद्गृहस्थाच्या शब्दावर विसंबून आहों.

तपासनीस असूनहि सर्व कांहीं आलबेल राहतें असें नव्हे. २०२३ च्या ऑक्टोबरांत लंडनची ॲक्सिऑम इन्स ही मोठी सॉलिसिटर पेढी नियामक संस्थेनें बंद केली. अशिलांच्या खात्यांतील सहा कोटींहून अधिक पौंड नाहींसे झाले होते. नियम होते, प्रमाणपत्रें होतीं, निराळीं खातींहि होतीं. पण १९४१ चा तो निधिहि होता. घराच्या खरेदीसाठीं आयुष्याची पुंजी भरून बसलेल्या लोकांस त्यांतून पैसे देण्यांत आले, आणि त्यासाठीं पुढच्या वर्षीं इंग्लंड-वेल्समधील प्रत्येक सॉलिसिटराची वर्गणी ३० पौंडांवरून ९० पौंडांवर गेली. कुरकुर झाली, वर्गणी भरली गेली.

आमच्या पेटींतील बिलाचें शेवटचें पान आम्ही मुलांनीं कधीं वाचलें नव्हतें, कारण त्यावर विनोद करण्यासारखें कांहीं नाहीं. तेथें दाव्याच्या आरंभीं आजोबांनीं ठेवलेली अनामत जमेस धरली आहे; खालीं खर्चाची एकूण बेरीज, टॅक्सिंग मास्तरानें कापलेली रक्कम आणि शिल्लक. बिलाला टांचून चार ओळींचें एक पत्र आहे: आपली सात रुपये तेरा आणे शिल्लक सोबतच्या चेकानें परत करीत आहों, पोंच द्यावी. या पत्राच्या मजकुराची किंमत मात्र कोठें मांडलेली नाहीं.